नापोली, मार्सेय आणि त्यांची शहरे: क्लबचा स्वभाव कुठून येतो?

प्रश्न असा आहे: भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांमधले फुटबॉल क्लब, विशेषतः नेपल्सचा नापोली आणि मार्सेयचा ओलिंपिक द मार्सेय, आपापल्या शहरांशी इतके एकजीव झालेले का दिसतात, हे नाते खरे आहे की समालोचकांनी आणि जाहिरातदारांनी फुगवून सांगितलेले, आणि ते प्रत्यक्ष पाहायचे असेल तर कुठे जावे? युरोपीय फुटबॉलचे वार्तांकन करण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि त्यातला मोठा काळ याच दोन शहरांकडे लक्ष ठेवण्यात गेला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नाते खरे आहे. मात्र त्याचे जे स्पष्टीकरण नेहमी कानावर पडते ते मला अजिबात पटत नाही. दक्षिणेचे ऊन, समुद्र, तापट माणसे, म्हणून स्टेडियममध्ये एवढा आवाज, असे म्हटले की काहीतरी समजल्यासारखे वाटते, पण हाती काही लागत नाही. त्याच उन्हात, त्याच किनाऱ्यावर मोनॅको आहे. मोनॅकोने फ्रान्सची लीग अनेकदा जिंकली आहे आणि तरीही त्याच्या स्टेडियममधल्या रिकाम्या खुर्च्या हा फ्रेंच फुटबॉलमधला नेहमीचा विषय आहे. हवामान तेच असताना हा फरक पडतो, याचा अर्थ कारण शहराच्या इतिहासात शोधायला हवे. त्या शहराला देशातल्या बलाढ्यांनी कसे वागवले, त्याच्या धक्क्यावर कोण कोण उतरले आणि तिथेच राहिले, क्लबच्या कारभारात साध्या प्रेक्षकाचा हात कुठवर पोहोचतो, हे पाहिल्याशिवाय मी तरी कोणत्याही क्लबच्या स्वभावाबद्दल बोलत नाही.

सुरुवातीची गोष्ट सगळीकडे साधारण सारखीच आहे. हा खेळ या बंदरांमध्ये इंग्रजी जहाजांबरोबर आला. जेनोआमध्ये १८९३ साली तिथल्या इंग्रज मंडळींनी स्थापन केलेल्या क्लबच्या अधिकृत नावात आजही ‘क्रिकेट अँड फुटबॉल क्लब’ हे शब्द आहेत. नेपल्समध्ये पहिला क्लब उभारणाऱ्यांतही एका इंग्रजी जहाज कंपनीचा कर्मचारी होता. पण पाहुण्यांचा खेळ शहराचा कधी आणि कसा झाला, हा भाग प्रत्येक बंदरात वेगळा आहे, आणि खरा मजकूर तिथेच आहे.

आधी नेपल्स. १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा नेपल्स हे लोकसंख्येने देशातले सर्वांत मोठे शहर होते आणि नुकतेपर्यंत ते एका स्वतंत्र राज्याची राजधानी होते. एकीकरणानंतर राजधानीपण गेले, पुढच्या शतकात कारखानदारी मिलान, तुरिन आणि जेनोआ या उत्तरेच्या त्रिकोणात एकवटली, आणि दक्षिणेची माणसे पोटासाठी तिकडे जाऊ लागली. तुरिनच्या फियाट कारखान्यात राबणारा दक्षिणेचा मजूर आणि त्याच फियाटच्या मालक घराण्याचा युव्हेंटस क्लब, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. या स्थलांतरामुळे कॅलाब्रिया आणि सिसिलीत घरोघरी युव्हेंटसचे समर्थक तयार झाले. नेपल्स मात्र अपवाद राहिले. तिथे युव्हेंटसची जर्सी घालून फिरणे हे मालकाच्या बाजूने उभे राहण्यासारखे मानले गेले.

नापोली क्लब १९२६ मध्ये स्थापन झाला. त्याचा पहिला अध्यक्ष जॉर्जो अस्कारेली हा कापड उद्योगातला ज्यू उद्योजक होता आणि क्लबसाठी स्टेडियम उभारण्यात त्याचाच पुढाकार होता. पहिल्या हंगामात संघाने १८ सामन्यांत अवघा एक गुण मिळवला. क्लबच्या चिन्हावर तेव्हा डौलदार घोडा होता. लोकांनी त्याचे गाढव केले आणि गंमत अशी की ते गाढवच शहराला आवडले. आजही नापोलीचे ते लाडके चिन्ह आहे. बाहेरच्याने हिणवण्याआधी आपणच आपल्याला नाव ठेवायचे आणि मग ते नाव अभिमानाने मिरवायचे, ही नेपल्सची जुनी रीत आहे. उत्तरेच्या स्टेडियममध्ये नेपल्सजवळच्या ज्वालामुखीला उद्देशून ‘व्हेसुव्हियस, यांना आगीने धुऊन काढ’ अशा घोषणा दशकानुदशके दिल्या गेल्या, कॉलऱ्याच्या साथीवरून आणि भूकंपावरून टोमणे मारले गेले. ते ऐकत मोठ्या झालेल्या पिढ्यांना ही रीत उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. मिलान, रोम, तुरिन आणि जेनोआ या शहरांत प्रत्येकी दोन मोठे क्लब आहेत, त्यामुळे शहरातली भांडणे मैदानावर दोन बाजूंना वाटली जातात. नेपल्समध्ये एकच मोठा क्लब आहे. टेकडीवरच्या व्होमेरोतला वकील आणि फोर्चेल्लातला रस्त्यावर माल विकणारा माणूस यांचे एरवी एकमेकांशी काहीही जमत नाही, पण रविवारी दोघांच्या अंगावर तोच आकाशी रंग असतो. त्यामुळे त्या जर्सीवर शहराचे सगळे ओझे येते आणि पराभवाचा राग काढायला शेजारी दुसरा क्लबही नसतो.

दिएगो मॅराडोना ५ जुलै १९८४ रोजी तिथे आला. त्याच्या चारच वर्षे आधी, नोव्हेंबर १९८० मध्ये, दक्षिण इटलीतल्या भूकंपात सुमारे ३ हजार माणसे मेली होती आणि बेघरांचा प्रश्न सुटलेला नव्हता. शहराच्या पश्चिमेला फ्लेग्रियन ज्वालामुखी क्षेत्रात पोत्सुओलीची जमीन १९८२ ते १९८४ या काळात जवळजवळ १.८ मीटर वर उचलली गेली आणि जुन्या वस्तीतल्या हजारो लोकांना घरे सोडावी लागली. क्लबचे फुओरिग्रोता भागातले स्टेडियम याच क्षेत्रात येते. अशा काळात जगातला सर्वांत महागडा खेळाडू या शहरात येतो आणि केवळ त्याला पाहण्यासाठी ७० हजारांच्या आसपास माणसे पैसे मोजून स्टेडियम भरतात. हे वेड नव्हते. इतकी वर्षे सगळे काही उत्तरेकडे जात होते, त्यात कोणीतरी पहिल्यांदा उलट दिशेने आले होते.

१० मे १९८७ रोजी नापोली पहिल्यांदा इटलीचा विजेता झाला. इटलीच्या मुख्य भूमीवरच्या दक्षिणेतल्या एकाही संघाने तोपर्यंत हे विजेतेपद मिळवलेले नव्हते (कॅल्यारी १९७० मध्ये जिंकला, पण ते सार्डिनिया बेटावर). त्या दिवसांतला जल्लोष कसा होता हे नीट पाहिले पाहिजे, कारण शहराचा स्वभाव तिथे उघड दिसतो. नेपल्समध्ये कोणी वारले की काळ्या चौकटीतली छापील सूचना घराजवळच्या भिंतीवर चिकटवतात. १९८७ मध्ये याच पद्धतीच्या सूचना युव्हेंटसच्या आणि मिलानच्या नावाने लागल्या, त्यांच्या शवपेट्या खांद्यावर घेऊन रीतसर अंत्ययात्रा निघाल्या. स्मशानाच्या भिंतीवर कोणीतरी मृतांना उद्देशून लिहिले, ‘तुम्ही काय गमावलेत, तुम्हाला कल्पना नाही.’ इतर शहरांतही विजयाच्या मिरवणुका निघतात, पण गेलेल्या माणसांना विजयाची बातमी कळवणे हे नेपल्सलाच सुचू शकते. तिथे मेलेल्यांशी बोलणे, त्यांच्या कवट्यांची देखभाल करणे, शहराचा रक्षक संत जेन्नारो याचे कुपीत जपलेले सुकलेले रक्त द्रव होते की नाही याची श्वास रोखून वाट पाहणे, हे शतकानुशतके चालत आले आहे. फुटबॉलने त्या शहराला नवी भाषा दिली नाही. शहराने आपली जुनी भाषा फुटबॉलला दिली.

स्पॅनिश क्वार्टर्स नावाच्या दाट वस्तीत एका अनेक मजली इमारतीच्या भिंतीवर १९९० मध्ये मॅराडोनाचे प्रचंड चित्र रंगवले गेले. पुढे रंग उडाला आणि घरमालकाने नेमक्या चेहऱ्याच्या जागी भिंत फोडून खिडकी काढली. चित्राचा जीर्णोद्धार झाला तेव्हा खिडकी बुजवली नाही. चेहरा खिडकीच्या झडपांवरच रंगवण्यात आला. आत राहणाऱ्याने खिडकी उघडली की मॅराडोनाचा चेहरा जातो, बंद केली की परत येतो. दैवत आणि संसार एकाच भिंतीत, आणि दोघांपैकी कोणालाही हलवायचे नाही, ही तडजोड नेपल्सला पुरेपूर साजेशी आहे.

या नात्याची कसोटी ३ जुलै १९९० रोजी लागली. विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इटली आणि अर्जेंटिना नेपल्समध्येच समोरासमोर आले. सामन्याआधी मॅराडोनाने नेपल्सच्या लोकांना आठवण करून दिली की वर्षभर तुम्हाला परके मानणारा देश आज एका दिवसापुरते तुम्हाला इटालियन व्हायला सांगतो आहे. शहराने त्याला साथ दिली, अशी दंतकथा नंतर पसरली. ती अर्धीच खरी आहे. प्रेक्षकांचा पाठिंबा मुख्यतः इटलीलाच होता आणि ‘मॅराडोना, नेपल्सचे तुझ्यावर प्रेम आहे, पण इटली आमची मातृभूमी आहे’ अशा अर्थाचा फलकही लागला होता. फरक इतकाच की अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताच्या वेळी तिथे शिट्ट्या वाजल्या नाहीत, आणि पाच दिवसांनी रोममधल्या अंतिम सामन्यात त्या जोरात वाजल्या. मला या प्रसंगात बंडखोरीपेक्षा संकोच अधिक दिसतो. ज्याने आपल्याला मान मिळवून दिला त्याला दुखवायचे नाही आणि देशही सोडायचा नाही, अशी ती कोंडी होती.

हाच खेळाडू १९८२ ते १९८४ बार्सिलोनात होता आणि तिथे तो रुजला नाही. दुखापत, आजारपण, एका अंतिम सामन्यानंतरची मारामारी ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीच आहेत, पण शहरांमधला फरकही पाहावा. बार्सिलोना हे कापड गिरण्यांचे, व्यापाऱ्यांचे, संस्था बांधणाऱ्यांचे शहर आहे. १८९९ मध्ये जोआन गॅम्पर या स्विस माणसाने काढलेला क्लब सभासदांच्या मालकीचा आहे आणि अध्यक्ष मतदानाने निवडला जातो. १९२५ मध्ये प्रेक्षकांनी स्पेनच्या राजगीताच्या वेळी शिट्ट्या वाजवल्या म्हणून हुकूमशाही सरकारने क्लबचे मैदान सहा महिने बंद ठेवण्याचा आदेश दिला. १९३६ मध्ये क्लबचा अध्यक्ष जुझेप सुन्योल याला फ्रँकोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. माद्रिदच्या सत्तेशी त्यांचेही वैर आहे, पण त्यांनी ते सभासद नोंदणी, सर्वसाधारण सभा आणि निवडणुका यांमधून जपले. तिथे खेळाडू कितीही मोठा असला तरी तो संस्थेपेक्षा लहानच. मॅराडोनाला मात्र संस्था नको होती, शहर हवे होते, असे माझे मत आहे.

आता मार्सेय. मराठी वाचक हे बंदर मार्सेलिस म्हणून ओळखतो, कारण ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी मारली ती इथेच. ती बोट तिथे का थांबली होती, हे या शहराचा स्वभाव समजायला उपयोगी आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मार्सेय हे युरोपचे पूर्वेकडे उघडणारे दार झाले. मुंबईकडे, सायगावकडे, अल्जियर्सकडे जाणाऱ्या बोटी तिथून सुटत आणि तिकडून येणारी माणसेही तिथेच उतरत. इटालियन मजूर, कॉर्सिकन, १९१५ च्या संहारातून वाचलेले आर्मेनियन, १९६२ नंतर अल्जेरियातून परतलेले युरोपीय, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर आलेले अल्जेरियन, मग कोमोरो बेटांवरचे लोक, असे थर एकावर एक चढत गेले.

१८९९ मध्ये स्थापन झालेल्या क्लबच्या नावातला ‘ओलिंपिक’ हा शब्द शहराच्या ग्रीक मुळांची आठवण देतो, इ. स. पू. ६०० च्या सुमारास फोसीआ या ग्रीक नगरातून आलेल्या खलाशांनी हे शहर वसवले. स्थापनेची दंतकथाच अशी आहे की परका खलाशी आला आणि स्थानिक राजकन्येने त्याची वर म्हणून निवड केली. त्यामुळे या क्लबला परक्या नावांचे ओझे कधीच वाटले नाही. कासाब्लांकाचा लार्बी बेन बारेक १९३८ मध्ये तिथे खेळत होता. १९७०-७१ च्या हंगामात ४४ गोल करणारा स्कोब्लार युगोस्लाव्हियाचा. आणि २६ मे १९९३ रोजी म्युनिकमध्ये एसी मिलानविरुद्ध युरोपीय विजेतेपदाचा एकमेव गोल करणारा बासिल बोली आबिजानमध्ये जन्मलेला, त्याला कॉर्नरवरून चेंडू देणारा अबेदी पेले घानाचा. मार्सेयच्याच कास्तेलान वस्तीत अल्जेरियन आईबापांच्या घरी वाढलेला झिनेदिन झिदान मात्र या क्लबकडून कधीच खेळला नाही, ही हळहळ शहर आजही बोलून दाखवते.

मार्सेयचे पॅरिसशी वाकडे आहे ते फुटबॉलमुळे नव्हे. १६६० मध्ये चौदावा लुई तटबंदीला भगदाड पाडून शहरात शिरला आणि त्याने बांधलेल्या सेंट निकोला किल्ल्याच्या तोफा शहराच्याच दिशेने रोखल्या होत्या. १९३८ मध्ये मोठ्या दुकानाला लागलेल्या आगीत ७३ माणसे गेली आणि पालिकेच्या अग्निशमनाची दुरवस्था उघडी पडली, तेव्हा केंद्र सरकारने शहराचा कारभार आपल्या ताब्यात घेतला. त्यामानाने पॅरिस सेंट जर्मेनशी असलेले वैर कोवळे आहे. तो क्लबच १९७० चा आहे, आणि मार्सेयचा अध्यक्ष बेर्नार तापी व पॅरिसचा नवा मालक असलेली दूरचित्रवाहिनी यांनी ते वैर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुद्दाम तापवले. धंद्यासाठी लावलेली ती आग इतकी पेटली, कारण खाली जुने सरपण आधीच रचलेले होते.

तापीचे प्रकरण टाळून मार्सेयविषयी प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. म्युनिकच्या सहा दिवस आधी वालेन्सियेनविरुद्धचा लीग सामना पैसे देऊन सोपा करून घेतला होता. एका खेळाडूच्या नातेवाइकाच्या बागेत पुरलेले अडीच लाख फ्रँक पोलिसांना सापडले. त्या वर्षीचे फ्रेंच विजेतेपद काढून घेतले गेले, १९९४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला, तापी पुढे तुरुंगात गेला. शहरातल्या अनेकांनी याचा अर्थ पॅरिसने घेतलेला सूड असा लावला. गुन्हा खरा होता आणि शिक्षा योग्य होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही ज्या शहराची लोकसंख्या १९७५ ते १९९० या काळात ९ लाखांवरून ८ लाखांवर आली होती आणि गोदीतली कामे हातची जात होती, त्याने ‘युरोपात पहिले आम्हीच’ (म्हणजे युरोपीय विजेतेपद मिळवणारा पहिला फ्रेंच क्लब) हे वाक्य इतके घट्ट का धरून ठेवले, हे समजून घेतले पाहिजे. पॅरिसने २०२५ मध्ये तोच चषक जिंकल्यावरही पहिलेपणाचा तो दावा जागचा हलला नाही.

मार्सेयचा खरा वेगळेपणा गोलांच्या मागच्या दोन वळणदार गॅलऱ्यांमध्ये आहे. १९८४ मध्ये कमांडो अल्ट्रा हा कट्टर समर्थकांचा गट उभा राहिला, त्यामागून साउथ विनर्स, फॅनॅटिक्स, डॉजर्स आले. पुढे दीर्घकाळ या गॅलऱ्यांची हंगामाची तिकिटे क्लबच्या खिडकीवर नव्हे, तर या गटांच्या कार्यालयांत मिळत. तरुण मुलगा तिकीट घ्यायला गेला की तो एका गटाचा सभासद होई, तिथल्या लोकांना ओळखू लागे, प्रवासाच्या बसमध्ये बसे, भलामोठा फलक रंगवायला हात लावी. यातून गटांच्या हाती पैसा आणि सत्ता आली, त्यांच्यात भांडणे झाली, दहशतीच्या तक्रारीही झाल्या. पण तिकीट दर आटोक्यात राहिले आणि गरीब उत्तर भागातली मुले स्टेडियमबाहेर फेकली गेली नाहीत. पॅरिसच्या गरीब वस्त्या शहराच्या हद्दीबाहेर आहेत, मार्सेयच्या हद्दीच्या आत आहेत, आणि क्लबचे स्टेडियम वेलोड्रोम हे शहराच्या दोन्ही अर्ध्यांनी एकत्र बसण्याचे ठिकाण आहे. फ्रान्सभर झालेल्या २००५ च्या दंगलींत मार्सेय तुलनेने शांत राहिले तेव्हा त्याचे श्रेय अनेकांनी क्लबला दिले. मला ते अतिशयोक्त वाटते. २०२३ मध्ये तेच शहर पेटले आणि क्लब तेव्हाही तिथेच होता. फुटबॉल माणसांना ओळखीचे करतो, त्यांना नोकऱ्या देत नाही.

पूर्वेकडची एक वेगळी तऱ्हा थोडक्यात सांगतो. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचा पाओक हा १९२६ चा क्लब कॉन्स्टँटिनोपलहून (आजचे इस्तंबूल) आलेल्या निर्वासित ग्रीकांनी काढला. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीनंतर जे शहर कायमचे सुटले, त्याच्या बायझंटाइन वारशाचा दुतोंडी गरुड त्यांनी छातीवर लावला, आणि तो पंख मिटलेला आहे. अथेन्समधल्या निर्वासितांच्या एईके क्लबचेही चिन्ह दुतोंडी गरुडच. या क्लबांमध्ये राहत्या शहराइतकाच गमावलेल्या शहराचा स्वभाव आहे.

पैशाने आणि बाहेरच्या मालकीने हे सगळे पुसले जाईल का, असाही एक उपप्रश्न आहे. नापोली २००४ मध्ये दिवाळखोर होऊन तिसऱ्या श्रेणीत गेला आणि चित्रपट निर्माता आउरेलिओ दे लॉरेन्तीस याने तो घेतला. क्लब तेव्हापासून हिशेबी पद्धतीने चालतो, शहर त्या मालकाशी सतत कुरबुरत असते, आणि तरीही २०२३ मध्ये विजेतेपद उत्तरेतल्या उदिने शहरात निश्चित होत असताना नेपल्सचे स्टेडियम केवळ पडद्यावर सामना पाहणाऱ्यांनी भरले होते. २०२५ मध्ये पुन्हा जिंकले तेव्हा स्कॉटलंडचा खेळाडू मॅकटॉमिने याला त्यांनी घरचा मुलगा करून टाकले. मार्सेयची मालकी २०१६ पासून एका अमेरिकन उद्योजकाकडे आहे. त्याने नेमलेल्या अध्यक्षाने २०२० च्या अखेरीस असे सुचवले की क्लबमध्ये मार्सेयचेच लोक जास्त असणे धोक्याचे आहे, कारण पराभवानंतर ते भावनेच्या भरात वाहून जातात. ३० जानेवारी २०२१ रोजी शेकडो समर्थक सराव केंद्रात घुसले, झाडे पेटवली गेली, त्या दिवशीचा सामना पुढे ढकलावा लागला, आणि महिन्याभरात तो अध्यक्ष पदावरून गेला. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. पण शहराला वजा करून क्लब चालवता येईल, हा त्या कार्यालयातला समज मुळातच चुकीचा होता.

कुठे जावे याचे उत्तर: एकच सामना पाहायचा असेल तर मार्सेयला जावे, आणि पॅरिसविरुद्धचा सामना निवडू नये. त्याची तिकिटे मिळत नाहीत, पाहुण्या समर्थकांना बहुधा बंदी असते आणि सगळे लक्ष बंदोबस्तावर असते. एखाद्या मधल्या फळीच्या संघाविरुद्धचा साधा लीग सामना घ्यावा आणि गोलामागे न बसता जाँ बुएँ या बाजूच्या स्टँडमध्ये जागा घ्यावी, म्हणजे दोन्ही गॅलऱ्या एकमेकींना उत्तरे देताना दिसतात. नेपल्समध्ये उलट करावे: सामन्याचे तिकीट मिळाले नाही तरी चालेल, पण सामन्याच्या दिवशी दुपारी स्पॅनिश क्वार्टर्समध्ये असावे आणि खेळ सुरू झाल्यावर तिथल्याच एखाद्या बारमध्ये उभे राहून तो पाहावा.